ओठ चावणारं मूल: ओरडण्याआधी आठवडाभर नुसतं बघा

आमची लेक मोठ्या गटात होती तेव्हाची गोष्ट. जमिनीवर पालथी पडून ती ठिपके जोडायच्या वहीत रेघा ओढायची. रेघ जरा अवघड वळणावर आली की खालचा ओठ हळूच वरच्या दातांखाली सरकायचा. आधी नुसता टेकायचा, मग आत ओढला जायचा, मग पूर्ण गायब. रेघ संपली की ओठ बाहेर यायचा तो लालभडक, ओला, आणि त्याच्या खाली हनुवटीच्या वर दातांची चंद्रकोर उमटलेली.

मी काय करायचे? "ओठ!" म्हणून ओरडायचे. दिवसातून वीस-पंचवीस वेळा. ती ओठ सोडायची, माझ्याकडे बघायची, अर्ध्या मिनिटात ओठ परत आत. पुढेपुढे तर माझ्याकडे बघत बघतच आत घ्यायला लागली. म्हणजे चाळा मोडायचा सोडून मी त्याचा खेळ करून दिला होता.

मी डॉक्टर नाही. दातांच्या दवाखान्यातल्या बाकावर बसून, विचारून, वाचून आणि घरी चुका करून जे हाती लागलं ते ज्यांना हे नुकतंच लक्षात आलंय अशा आईबाबांसाठी लिहितेय. जमलं तर याच क्रमाने जा. बहुतेक जण शेवटच्या पायरीपासून, म्हणजे "सवय कशी मोडायची" इथून सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात.

पहिली पायरी: मूल नेमकं काय करतंय?

"ओठ चावतो" असं आपण सरसकट म्हणतो, पण त्यात निदान चार वेगळे प्रकार असतात. काही मुलं ओठ चोखतात, म्हणजे आख्खा खालचा ओठ आत ओढून धरतात. काही खरोखर चावतात, दातांच्या टोकाने. काही ओठ जिभेने चाटत राहतात. आणि काही सालटी ओढतात, कधी दातांनी, कधी नखांनी.

खुणांवरून ओळखता येतं. चाटणाऱ्या मुलाच्या ओठांभोवती लाल, खरखरीत कडं तयार होतं आणि ते बरोबर जीभ पोचते तिथपर्यंतच असतं. लिपस्टिक फासल्यासारखं दिसतं. चोखणाऱ्याच्या ओठाखाली दातांचे व्रण दिसतात, कधी तिथली खाच जास्त खोल वाटते. सालटी काढणाऱ्याच्या ओठावर मधेच एक कोवळा, गुलाबी, झोंबणारा ठिपका असतो. टॉर्च लावून गालाची आतली बाजूही एकदा बघा. तिथे पांढरट, चरबरीत पट्टा दिसला तर गालही चावला जातोय.

दुसरी पायरी: आठवडाभर वही

मला सगळ्यात उपयोगी पडली ती ही पायरी, म्हणून जरा सविस्तर. सात दिवस मुलाला ओठावरून काहीही बोलायचं नाही. फक्त लिहायचं: वाजले किती, काय चाललं होतं, हात काय करत होते, ओठ कोरडा होता का, नाक चोंदलं होतं का. घरातल्या सगळ्यांना तसं सांगून ठेवा, नाहीतर तुम्ही गप्प आणि आजोबांचं "ए, ओठ!" चालूच.

माझ्या वहीतल्या काही ओळी जशाच्या तशा:

सोम, संध्याकाळी पावणेसात. टीव्ही. आधी चाटला, मग सालटं दातांनी ओढलं. रक्ताचा थेंब.
मंगळ, सकाळी सव्वाआठ. शाळेचं फाटक. माझं बोट घट्ट धरलेलं. ओठ आत.
बुध, दुपार. अंगणात पकडापकडी, तासभर. एकदाही नाही.
बुध, रात्री. बटण लावताना. आत.
गुरू, पहाटे. झोपेत तोंड उघडं, ओठ वाळलेले.

"एकदाही नाही" ही नोंद विसरू नका. ओठ कधी चावला जात नाही, हे कळणंही तितकंच कामाचं. माझ्यापुरतं उत्तर आठवड्यात समोर आलं: एकाच ओठाला तीन वेगळ्या गोष्टी चिकटल्या होत्या. बारीक काम करताना लागणारी एकतानता, संध्याकाळचा कोरडेपणा आणि शाळेच्या फाटकाशी वाटणारी धाकधूक. तिन्हींवर "ओठ!" हे एकच औषध मी देत होते.

(याच वहीमुळे आणखी एक शोध लागला. तिचे बाबा गाडी रिव्हर्स घेताना अगदी तसाच ओठ आत घेतात.)

तिसरी पायरी: वयाकडे बघा

साधारण सहाव्या महिन्यापासून खालचे पटाशीचे दात येऊ लागतात, मागोमाग वरचे. अचानक तोंडात टणक काहीतरी आलंय म्हटल्यावर बाळ ते ओठावर टेकवून बघणारच. अडीच-तीन वर्षांपर्यंत वीस दुधाचे दात पुरे होतात. तोवरचं ओठ चोखणं, अंगठा चोखणं हे बहुतेक मुलांमध्ये आपोआप मागे पडतं. तीन-चार वर्षांच्या पुढेही दिवसभर चालू राहिलं तर लक्ष घालायचं. सहा-सातव्या वर्षी पुढचे दात पडून खिंडार पडतं तेव्हा जीभ आणि ओठ तिथे जातातच. नवे दात आले की बहुतेकदा ते थांबतं. पण मुळात सवय असलेल्या मुलाच्या बाबतीत हेच वय महत्त्वाचं, कारण आता येणारे दात कायमचे.

दात येताना लावायच्या गोष्टींबद्दल इथेच सांगून टाकते. टाकणखाराची लाही मधातून लावायचा उपाय अजून घराघरांत सुचवला जातो. टाकणखार म्हणजे बोरॅक्स. तो पोटात गेला तर लहान मुलाला विषारी ठरतो. आणि मध वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात द्यायचा नसतो, चाटवायचाही नाही, बोट्युलिझमच्या, म्हणजे जिवाणूंच्या विषामुळे होणाऱ्या गंभीर आजाराच्या, धोक्यामुळे. हिरडी बधिर करणारी बेंझोकेन असलेली जेलसुद्धा नको: त्याने रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटू शकते, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये दोन वर्षांखालच्या मुलांना ती वापरू नका असं बजावलं. फ्रिजमध्ये गार केलेलं स्वच्छ ओलं फडकं चघळायला द्या, तेवढं पुरतं.

चौथी पायरी: आधी ओठ बरा करा

ओठ फुटलेला असेपर्यंत कुठलीही सवय सुटत नाही. सुटलेलं सालटं जिभेला सतत टोचतं, आणि मोठ्यांनाही ते ओढल्याशिवाय चैन पडत नाही, मग पोरांचं काय. चाटलं की क्षणभर बरं वाटतं, मग लाळ वाळते, जाताना ओठाचा ओलावा घेऊन जाते, वर लाळेतले पाचक घटक त्या कोवळ्या कातडीला आणखी चुरचुरवतात. म्हणून परत चाटायचं. हे चक्र तोडायला मलम लागतं.

साधं पेट्रोलियम जेली किंवा घरचं साजूक तूप. स्ट्रॉबेरी, चॉकलेटच्या वासाचे लिप बाम नकोत. गोड लागतं म्हणून मूल ते चाटूनच संपवतं. किती लावलं यापेक्षा कधी लावलं ते महत्त्वाचं. रात्री मूल झोपल्यावर जाडसर थर, सकाळी तोंड धुतल्यावर, जेवल्यावर ओठ पुसून, आणि वहीत जी वेळ वाईट दिसते तिच्या दहा मिनिटं आधी. आमच्याकडे टीव्ही लावायच्या आधी तुपाचं बोट, हा नियम झाला. लोंबणारं सालटं तूप लावून मऊ झाल्यावर छोट्या कात्रीने कापा, ओढू नका. तोंडाभोवतीचं लाल कडं आठवड्याभरात निवळलं नाही तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. घरातली स्टेरॉइडची ट्यूब स्वतःच्या मनाने तोंडाला लावायची नाही.

मग नाक. झोपेत तोंड उघडं राहतं, घोरणं आहे, बारा महिने सर्दी, तर नाकामागची अ‍ॅडेनॉइडची गाठ किंवा टॉन्सिल सुजल्यात का हे बालरोगतज्ज्ञांना विचारा. श्वास तोंडाने चालला असेल तर ओठ वाळणारच, तुपाचा डबा रिकामा केलात तरी. ओठांचे कोपरे चिरत असतील तर लोह किंवा बी जीवनसत्त्वाची कमतरताही असू शकते. आणि एखादा दुधाचा दात तुटून धारदार झालाय का, तेही बघा. कधीकधी सगळ्या भानगडीचं मूळ तेवढंच असतं.

पाचवी पायरी: तोंडाला दुसरं काम

"करू नकोस" हे लहान मुलाला करता येत नाही. "हे कर" म्हटलं तर करता येतं. १९७३ मध्ये नेथन अझरिन आणि ग्रेगरी नन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी अशा चाळ्यांसाठी एक पद्धत मांडली, ती आजही वापरतात. गाभा साधा आहे: चाळा सुरू होतोय हे स्वतःच्या लक्षात यायला शिकवायचं, त्या क्षणी दोन्ही एकदम होऊच शकत नाहीत अशी दुसरी कृती द्यायची, आणि घरच्यांनी तिचं कौतुक करायचं. पाचेक वर्षांच्या पुढे हे बरं जमतं. त्याहून लहान असेल तर दुसरी कृती तेवढी द्या, बाकी सोडून द्या.

आमची कृती होती "ओठ मिटलेले, दात सुटलेले". ओठावर ओठ हलके, आत दात एकमेकांना न लागलेले, जीभ टाळूला. आरशासमोर बसून दोघींनी केली. पहिल्यांदा तिने गाल फुगवून मासा केला, दुसऱ्यांदा मलाच हसू आवरेना, चौथ्या-पाचव्या वेळी जमलं. तोंडाची ही मुळातली विसाव्याची ठेवण आहे, त्यामुळे शाळेत कुणाला कळतही नाही.

खूण ठरवा, शब्द नको. आम्ही ठरवलं की मी माझ्या गालावर बोट टेकवायचं. पाहुण्यांसमोर "ओठ सोड" म्हटलं की मूल ओशाळतं, आणि ओशाळलं की ओठ आणखी आत. खूणही दिवसातून पाच-सहा वेळांपेक्षा जास्त नको. बाकीच्या वेळी डोळेझाक. उलट बटण लावून झालं आणि ओठ बाहेरच राहिला, तर ते आवर्जून बोला: "आज ओठ मिटून लावलंस की!"

ओठांना व्यायाम म्हणजे पिपाणी, साबणाचे फुगे, शीळ घालायचा प्रयत्न, पेल्यातलं पाणी नळीने ओढणं. चावण्याचीच भूक असेल तर खाण्यात गाजर, काकडी, भाकरीचा कडक पापुद्रा वाढवा. काकडी-गाजराचे लांब पातळ काप करून, मूल बसलेलं असताना, तुमच्या समोर. फुटाणे आणि आख्खे शेंगदाणे पाच वर्षांच्या आत नकोत, श्वासनलिकेत अडकतात.

फाटकाशी होणाऱ्या धाकधुकीला मात्र पिपाणी चालत नाही. नवी शाळा, घरात आलेलं तान्हं बाळ, घर बदलणं, आईबाबांची भांडणं यांतलं काही असेल तर ओठावर बोलूच नका, त्या गोष्टीवर बोला. "का चावतेस?" याला लेकीकडे उत्तर नव्हतं. "फाटकातून आत गेल्यावर पहिलं काय होतं गं?" विचारल्यावर कळलं की दप्तर ठेवायचा खण तिच्या हाताला पोचत नाही आणि रोज कुणाला तरी सांगावं लागतं. बाईंना एक चिठ्ठी दिली, खालचा खण मिळाला. सकाळच्या नोंदी निम्म्यावर आल्या.

काय करायचं नाही: मिरची, कारल्याचा रस, कडुलिंब ओठाला लावणं. आमच्याकडे सासूबाईंनी मिरचीचं बोट सुचवलं होतं, प्रेमानेच; त्यांच्या लहानपणी तेच केलं गेलं होतं. मी म्हटलं, "आई, फुटलेल्या ओठाला मिरची लागली तर ती रात्रभर चाटत बसेल." पटलं त्यांना. मग तुपाचं खातं त्यांनीच सांभाळलं. ओठाला चिकटपट्टी नको, "माकड" म्हणणं नको, चावताना फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकणं तर नकोच.

दातांच्या इंजेक्शननंतरचा ओठ

हे वेगळं लिहिते, कारण याची सवयीशी गाठ नाही आणि घाबरवतं मात्र सगळ्यात जास्त. लेकीची खालची दाढ भरायची होती. इंजेक्शन दिलं, दाढ भरली, रिक्षात ती इतकी शांत बसली होती की मला कौतुक वाटलं. घरी आल्यावर बघते तर खालचा ओठ उजव्या बाजूला सुजून जाड झालेला, आतून चावून चावून सोललेला. "आई, हा माझा नाही वाटत," म्हणाली. सूचना दिल्या होत्या तेव्हा मी बिल भरण्यात होते.

खालच्या जबड्याच्या इंजेक्शनने ओठ साधारण दोन ते चार तास बधिर राहतो. दुखत नाही म्हणून मूल गंमत म्हणून चावत राहतं. दुसऱ्या दिवशी तिथे पांढरट-पिवळा थर दिसतो. मी पू समजून धावले होते. तो पू नसतो, तोंडातली जखम भरून येताना असाच थर धरतो. खरवडू नका. आठवडा-दोन आठवड्यांत ओठ पूर्ववत होतो. तोवर मऊ, बिनतिखट, कोमट खाणं आणि बाहेरून तूप. ताप आला, सूज वाढत गेली किंवा रक्त थांबेना, तर मात्र लगेच दवाखाना.

टाळायचं कसं? बधिरपणा जाईपर्यंत चावायचं काही देऊ नका, गरम तर नाहीच. मुलाला नजरेसमोर ठेवा, गाडीत मागे एकटं बसवू नका. आणि निघण्याआधीच सांगा: "ओठ झोपलाय, त्याला उठवायचं नाही." दुसऱ्या वेळी आमच्याकडे हे वाक्य चाललं. ती ओठावर हात ठेवून कुजबुजत बोलत होती.

टपोरा फोड आला तर

खालच्या ओठाच्या आतल्या बाजूला मऊ, निळसर, न दुखणारा पाण्यासारखा फोड येतो, फुटतो, परत येतो. चावल्यामुळे ओठातल्या लाळेच्या बारीक ग्रंथीची नळी फाटते आणि लाळ आतच साठते. त्याला म्युकोसील म्हणतात. काही आपोआप जातात. सुईने फोडू नका, परत भरतो. काही आठवडे टिकला किंवा सारखा येत राहिला तर डॉक्टर छोट्या शस्त्रक्रियेने ग्रंथीसकट काढतात.

दातांचं काय होतं

ओठ वरच्या दातांच्या मागे अडकून बसला की तो वरच्या दातांना बाहेर ढकलतो आणि खालच्यांना आत दाबतो. दातांच्या बाबतीत जोरापेक्षा वेळ जास्त मोजला जातो. हलका दाब, पण तासन्‌तास. वरचे दात पुढे आले की मध्ये फट पडते, आणि त्या फटीत ओठ आणखी आरामात बसतो. कधी उलटंही असतं: दात किंवा जबडा मुळातच पुढे-मागे असतो म्हणून ओठ तिथे जातो. आधी कोण, हे घरी बसून कळत नाही. म्हणून चौथ्या-पाचव्या वर्षानंतर सवय टिकली, किंवा दात मिटल्यावर वरच्या-खालच्या दातांत बोट जाईल एवढं अंतर दिसलं, तर बालदंतरोगतज्ज्ञांकडे जा, वही घेऊन. खाजगी खर्च झेपत नसेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत आणि गोव्यात बांबोळीच्या दंत महाविद्यालयात मुलांच्या दातांचे विभाग आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत किंवा शाळेत तपासणीला येतं, तेव्हाही दाखवता येतं.

ओठ आणि दात यांच्यामध्ये अडसर ठेवणारी तार बसवता येते. ती बहुधा कायमचे पुढचे दात यायला लागल्यावर, आणि मूल तयार असेल तरच. शिक्षा म्हणून लावलेली तार रुमालात गुंडाळलेली सापडते.

थोड्या मुलांच्या बाबतीत प्रकरण वेगळं असतं. मांस तुटेपर्यंत चावणं, रक्त येऊनही दुखल्याचं न दाखवणं, सोबत बोलणं किंवा हालचाली मागे पडलेल्या असणं, आधी येत असलेलं हरवणं. इथे वही, तूप, खूण काही करत बसू नका, थेट बालरोगतज्ज्ञ किंवा मुलांचे मेंदूविकारतज्ज्ञ गाठा. दुर्मीळ जनुकीय आजारांत, उदाहरणार्थ लेश-नायहान सिंड्रोममध्ये, मूल स्वतःला असं चावतं आणि ते त्याच्या हातात नसतं. दोन आठवड्यांत न भरलेली कुठलीही जखम दाखवायचीच.

किती दिवस लागतात? आम्हाला अडीच-तीन महिने लागले, तेही सरळ रेषेत नाही. तापात परत आलं, दिवाळीत गावी गेलो तेव्हा परत आलं. गेल्या महिन्यात गॅदरिंगच्या आदल्या रात्री ठिपक्यांच्या वहीतली तीच चंद्रकोर हनुवटीवर दिसली. मी काही बोलले नाही. ती झोपल्यावर सासूबाई तुपाची वाटी घेऊन आल्या.